आत्यांचं नवं मशीन

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. आमच्या शेडमधल्या शिलाईवाल्या बायकांना केबिनमध्ये खुर्ची मिळत नसे. उभ्यानं ऐकायचं आणि आपल्या मशीनवर परत यायचं. मालक म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून लाईन पद्धत सुरू करतोय. एकीनं एकच काम करायचं. तुम्ही सुपरवायझर. बायकांना तुम्हीच समजावून सांगा, तुमचं ऐकतात त्या." माझं घरात कुणी ऐकत नाही, इथं कोण ऐकणार, असं मी मनात म्हटलं. पण बाहेर आले ती मान हलवूनच.

आमचं युनिट नसरापूरच्या पुढं, वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शाळेचे गणवेश शिवतो आम्ही. पूर्वी ती पोल्ट्रीची शेड होती, आणि दमट दिवसांत कोपऱ्यातून अजूनही कोंबड्यांचा वास येतो. मी भोरची. एसटीनं कापूरहोळपर्यंत यायचं, तिथून मिळेल त्या गाडीनं पुढं. माझे अब्बा भोरच्या बाजारपेठेत शर्ट-पँट शिवायचे, त्यामुळे सुईदोरा घरचाच. शेतीवाडी मात्र आमच्याकडे कधी नव्हती. मातीशी आमचा संबंध कुंडीतल्या पुदिन्यापुरता. शेडमधल्या बाकीच्या बहुतेक बायका विंझर आणि त्याच्या पलीकडच्या वाड्यांमधल्या, भातशेतीवाल्या. त्या जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून यायच्या. मला सगळ्या भाभी म्हणत.

पुढचं कळायला आधी सावड कळायला हवी. जुन्या पद्धतीत कटिंग मास्तर कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा हातात द्यायचा, आणि जिनं गठ्ठा घेतला तिनं अख्खा शर्ट शिवायचा, कॉलरपासून काज-बटणापर्यंत. बसायचं गावाप्रमाणे. भातलावणीच्या दिवसांत निम्म्या बायका खाचरात असायच्या, पण त्यांचे गठ्ठे संध्याकाळी शिवून, घडी घालून तयार. पहिल्या वर्षी मी एकीला विचारलं, "अगं, ती तर आज आलीच नाही. मग तिचा गठ्ठा तू का शिवतेस?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू भात कशाशी खातात असं मी विचारलं होतं.

"सावड हाय न्हवं," ती म्हणाली. "परवा ती आमच्या खाचरात व्हती. आज म्या तिच्या गठ्ठ्यावर."

तर ही सावड. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. कुणी कुठं लिहून ठेवत नाही, कुणी आठवणही करून देत नाही. पण फेडायची असते, हे सगळ्यांना माहीत असतं. या बायकांनी ती शेतातून उचलून शिलाईच्या शेडमध्ये आणली होती, आणि आपण काही वेगळं करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू? माझा गठ्ठा राहिला तर तो माझाच राहायचा, कारण कुणाच्या बांधावर मी कधी गेलेच नव्हते.

या सगळ्यांत थोरल्या म्हणजे आत्या. विंझरच्या पुढं डोंगराकडच्या एका वाडीत भावाच्या घरी राहायच्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही, तेव्हापासून भावाकडे. भावाच्या मुलांच्या आत्या म्हणून अख्ख्या वाडीच्या आत्या झाल्या, आणि जीपमध्ये बसून ते नातं आमच्या शेडपर्यंत आलं. शेड सुरू झाली तेव्हापासूनच्या त्या. निम्म्या बायका त्यांच्या शिव्या खात मशीन चालवायला शिकल्या होत्या. गप्पा जास्त रंगल्या की त्या मान वर न करता म्हणायच्या, "हात चालवा, बायांनो. तोंड चालवायला घर हाय."

स्वतःबद्दल त्या फारसं बोलत नसत. एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हापुन्हा ऐकलं होतं, "भावाच्या घरी म्या बसून खात न्हाई." हे म्हणताना त्यांची पाठ ताठ व्हायची. कामावरून आल्यावर भावजय त्यांना विचारून भाजी टाकते, घरात काही ठरवायचं असलं तर त्यांना बोलावून बसवतात, हे त्या दुसऱ्याच कुणाचं तरी सांगावं तसं सांगायच्या. बिनशेताच्या, बिनमुलाच्या बाईला माहेरी इतकी वर्षं हा मान कशामुळे टिकून होता, हे सांगायला नको. रोज सकाळी जीपला उभं राहण्यामुळे.

आणि त्यांची नजर जात चालली होती. मोतीबिंदू असता तर एखाद्या शिबिरात निघाला असता. हा काचबिंदू. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. एक डोळा पुरता गेलेला, दुसऱ्यात धुरकट. जुन्या पद्धतीत हे खपून जायचं. सुईत दोरा शेजारीण ओवायची, कॉलर आणि काजं दुसरी कुणी करायची, सरळ शिलाया आत्या बोटांच्या अंदाजानं मारायच्या, आणि शर्ट चांगला व्हायचा. त्यावर शेडमध्ये कधी चर्चा झाली नाही. मालकांना तर माहीत असायचं कारणच नव्हतं.

अशा ठिकाणी मला लाईन पद्धत आणायची होती.

पुण्याहून एक तरुण साहेब आले होते, बोलायला मृदू, पोटात कपट नसलेला माणूस. त्यांनी मला आणि मालकांना ट्रेनिंग दिलं. बदलाच्या वेळी माणसं घाबरतात, त्यांना त्यांच्या भाषेत समजावा, त्यांच्या आयुष्यातलं उदाहरण द्या, असं ते सांगत होते. मग मशिनी एकामागे एक अशा लांब रांगेत मांडल्या. एकीनं खिसा लावायचा, दुसरीनं खांदे जोडायचे, तिसरीनं बाजूची शिलाई मारायची, चौथीनं खालची दुमड. काम ट्रेमधून पुढं सरकायचं. प्रत्येक मशीनवर एक दिवा. समोरच्या ट्रेमध्ये काम साचलं की दिवा लाल, काम पुढं जात राहिलं की हिरवा. केबिनच्या काचेतून मालकांना सगळी रांग दिसायची.

पहिले दिवस तर विचारू नका. दिवाळीसारखे लाल दिवे, आणि त्यांच्याखाली रडकी तोंडं. एकीनं माझ्या तोंडावर विचारलं, "आख्खा दिस निस्ता खिसाच लावायचा? मंग शर्ट कुनी शिवला म्हनायचं?" दुसरी म्हणाली, "माझ्या फुडं कोन बसलंय ते बी मला म्हाईत न्हाई. बोलायचं कुनाशी?" गावागावांचे घोळके मोडले होते ना. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायच्या, पण एकमेकींच्या डब्यात हात जायचा नाही. मी दमदाटी करून बघितली, चेष्टा करून बघितली. रात्री घरी जाऊन नवऱ्यावर चिडायचे, त्याचा काही संबंध नसताना.

मग मला साहेबांचं ते उदाहरण द्यायचं सांगणं आठवलं. दुसऱ्या दिवशी मशिनी बंद करायला लावल्या, सगळ्यांना गोळा केलं आणि म्हटलं, "बायांनो, तुम्ही लावणी कशी करता? एकजण रोपं उपटते, एकजण वाहते, बाकीच्या रांगेत वाकून लावतात. कुणी म्हणतं का, की हे खाचर मी एकटीनं लावलं? ही लाईन म्हणजे लावणीच समजा. रांगेनं जायचं, सगळ्यांनी बरोबर."

मग हळूहळू माना हलल्या. आयुष्यात कधी चिखलात पाय न घातलेल्या बाईनं लावणी शिकवली म्हणून दोघीतिघी हसल्याही. पण गोष्ट त्यांना पटली होती. त्या दिवसापासून लाल दिवे कमी व्हायला लागले. साहेबांनी माझं कौतुक केलं. मी खूश होते, इतकी की घरी जाताना कापूरहोळला उतरून नवऱ्यासाठी भजी घेतली.

पण माझं म्हणणं त्यांनी फारच मनावर घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. लावणीच्या रांगेत एखादी मागं पडली तर तिच्या दोन्ही बाजूच्या बायका तिच्या पट्ट्यातलं थोडं थोडं आपल्याकडे ओढून घेतात, म्हणजे ती रोपांच्या मधे कोंडली जात नाही. हे मला माहीत नव्हतं. मला कसं असणार?

आत्यांना मी मुद्दाम बाजूची सरळ शिलाई दिली होती, सगळ्यांत सोपी. तरी पहिल्या आठवड्यात त्यांचा दिवा सारखा लाल. मग तो हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. मला आधी वाटलं, हात बसला. एकदा रांगेमागून चालताना थांबून बघितलं, तर आत्यांच्या ट्रेमध्ये येणाऱ्या शर्टाची एक बाजू आधीच शिवलेली. त्यांच्या मागची, खांदे जोडणारी बाई त्यांच्याच वाडीतली. तिच्या हाताला भारी वेग. खांदा जोडता जोडता ती एक बाजूही मारून टाकायची. आणि आत्यांच्या हातून जे राहायचं, ते पुढची बाई दुमड घालायच्या आधी उरकून घ्यायची. आत्या मधे बसून बोटांनी कापड चाचपत जमेल तेवढं शिवायच्या. त्यांनाही सगळं कळत होतं. इतकी वर्षं कापड हाताळलेल्या बाईला शिवलेली बाजू कळणार नाही का? पण कुणी काही बोलत नव्हतं.

मी बघतेय हे वाडीतल्या त्या बाईनं पाहिलं. पाय मशीनवरच ठेवून ती हळूच म्हणाली, "भाभी, तुमीच सांगितलं न्हवं, लावनी हाय म्हनून."

मी पुढं चालू लागले. काय करायला हवं होतं? काम बिनचूक होत होतं, मालक खूश होते, आत्या रोज सकाळी जीपमधून उतरत होत्या. आजही तीच वेळ आली तर मी तशीच पुढं चालत जाईन, कुणाला राग येवो न येवो.

घात झाला तो या हिरव्या दिव्यामुळेच. सगळ्या रांगेत कुणाचा ना कुणाचा दिवा अधूनमधून लाल व्हायचा, कारण माणसाला खोकला येतो, दोरा तुटतो. खांदे जोडणारीचा तर आता रोजच व्हायचा, दोघींचं काम ओढून. लाल लागत नव्हता तो फक्त आत्यांचा. साहेबांच्या हे नजरेत भरलं. त्याच सुमाराला युनिटमध्ये नवं मशीन यायचं ठरलं होतं, खिशावर शाळेचा बिल्ला दोऱ्यानं भरणारं, स्क्रीनवर बोट लावून चालवायचं. धुळीनं बिघडू नये म्हणून त्याला केबिनशेजारी काचेची खोली बांधली. त्या मशीनवर एकच बाई बसणार होती. मालकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की ही जागा आत्यांची. आत्यांच्या हातात नारळ आणि फुलांचा गुच्छ दिला, टाळ्या वाजवायला सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवताना सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी केबिनमध्ये गेले. या वेळी उभीच राहिले. म्हटलं, "आत्यांना त्या मशीनवर नका घालू. वय झालंय, सवय नाही त्यांना."

मालक हसले. "भाभी, वय झालं म्हणून माणसाला बाजूला टाकायचं नाही, हेच तर ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. विसरलात? तुमच्या लाईनमधली सगळ्यांत चांगली बाई आहे ती."

यावर मी काय बोलणार होते? डोळ्यांचं सांगितलं तर आत्यांची जागा गेली. दोन्ही बाजूंच्या बायकांचं सांगितलं तर त्यांच्यावरही बालंट. मी म्हटलं, "बघा बुवा," आणि बाहेर आले. तो माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी आत्या शेडमागच्या उंबराखाली डबा घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सरळच सांगितलं, "आत्या, तुम्हीच नको म्हणा. गुडघे दुखतात म्हणा, काहीही म्हणा. आहे त्या जागेवर राहा."

"का म्हनू?"

"डोळ्याचं काय करणार तिथं?"

"डोळा माझा हाय. मला म्हाईत न्हाई व्हय?" त्या तडकल्या. मग भाकरीचा तुकडा मोडून हातातच धरून ठेवला. "भाभी, सावड फेडायची असती. ह्या दोघी किती दिस माझं वढत्यात. म्या काय फेडू? खाचर भावाचं. तिथं भावजय जाती त्यांच्याकडं लावनीला, ती तिची सावड झाली, माझी न्हाई. पयलं निदान हात चालायचा, तवा म्या बी दुसरीचं शिवायची. आता निस्तं घेती. लई जड जातं वो. तितं काचंत बसले तर कुनाच्या अंगावर तरी न्हाई पडायची."

"आणि नाही जमलं तर?"

"तर न्हाई जमलं," म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

मला भयंकर राग आला. आत्यांचा आला, त्या दोघींचा आला, साहेबांच्या गोड बोलण्याचा आला. सगळ्यांत जास्त आला तो त्या लावणीच्या उदाहरणाचा, जे मी मोठ्या तोऱ्यात दिलं होतं. पण राग येऊन उपयोग काय? तारीख ठरली होती.

मशीनवाल्या कंपनीचा माणूस शिकवायला आला. आत्या नवी साडी नेसून आल्या होत्या, केस चापूनचोपून बसवलेले. काचेच्या खोलीत तो त्यांना दाखवत होता, हे असं दाबायचं, हे असं निवडायचं. त्या मान हलवत होत्या. त्यानं बाजूला होऊन म्हटलं, "आता तुम्ही करा." आत्यांनी अंदाजानं बोट ठेवलं. बिल्ला भरून आला तो खिशावर उलटा, डोकं खाली. तो हसला, पहिल्यांदा होतं म्हणाला, पुन्हा लावून दिलं. दुसऱ्या खेपेला तो खिशाच्या कडेवर आला आणि सुई कडकड वाजली. मग त्यानं विचारलं, "स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा बरं." काचेतून त्याचा आवाज बारीक ऐकू येत होता, आणि आत्यांची मान तशीच सरळ राहिली आणि ओठ हलले नाहीत, हे आम्हाला दिसत होतं.

रांगेतल्या त्या दोघी जागेवरून अर्धवट उठल्या होत्या. हात टेबलावर, पाय निघालेले, आणि जायचं कुठं? मधे काच. बाकीच्यांचेही हात थांबले होते. कुणाचंच काम पुढं सरकत नव्हतं, आणि मागून पुढं एकेक दिवा लाल होत आला. ते बघून मालक केबिनमधून बाहेर आले.

आत्या काचेचा दरवाजा चाचपत बाहेर आल्या. कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "मालक, मला दिसत न्हाई. एक डोळा गेलाय, दुसरा चाललाय. लायनीत माझं काम ह्या पोरी वढत व्हत्या. त्यांना काय बोलू नका, म्याच सांगितलं व्हतं त्यांना."

यातलं शेवटचं साफ खोटं होतं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मालकांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी ते खोटं तसंच राहू दिलं.

मालक ओरडले नाहीत. म्हणाले, पॅकिंगला बसवून बघू. पण पॅकिंगमध्ये डाग बघायचे असतात, सुटलेले धागे बघायचे असतात. तिथून गेलेला दोन पोती माल परत आला. मग एके संध्याकाळी मालकांनी आत्यांना सांगितलं, "सध्या घरी थांबा. काही असलं तर कळवतो." कळवतो या शब्दाचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो.

त्यानंतर साहेबांनी मला निरोप दिला की एकीनं दुसरीच्या कामाला हात लावायचा नाही, हे बायकांना नीट समजावून सांगा. मी सांगितलं. या वेळी उदाहरण दिलं नाही, नुसतंच सांगितलं. आणि या वेळी त्यांनी खरोखर ऐकलं. आत्यांच्या जागी कापूरहोळची एक नवीन मुलगी बसली. तिचा दिवा दिवसातून कितीतरी वेळा लाल व्हायचा. तिच्या मागची ती वेगवान बाई आपलं काम पुढं सरकवून हात मांडीवर ठेवून बसायची, पण मदतीला वाकायची नाही. पुण्याहून दुसऱ्या कारखान्याची माणसं बघायला आली, तेव्हा मालकांनी त्यांना आमची रांग दाखवली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, बदल असा करायचा असतो. मी हसले. दुसरं काय करतात अशा वेळी?

श्रावणातल्या एका सुट्टीच्या दिवशी मी आत्यांच्या वाडीला गेले. त्यांची कात्री शेडमध्येच राहिली होती, त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलेली, मुठीला कापडाची पट्टी गुंडाळलेली. ती द्यायची हे निमित्त. विंझरच्या पुढं जीपमधून उतरून चढाची वाट. दोन्ही बाजूंना भात पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. आत्या पायरीवर बसून हातांनी चाचपत अळूची पानं निवडत होत्या. माझा आवाज ऐकून उठल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंदाच्या आधी भीती दिसली. मला तेव्हा तिचा अर्थ लागला नाही.

भावजयीनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं, चहा टाकला. मोकळी, बोलकी बाई. "आत्या, मॅडमास्नी जेवूनच जाऊ द्या. भाजी काय टाकू?" तिनं आत्यांनाच विचारलं. मी पिशवीत हात घातला होता, कात्री बोटांना लागली होती, तेवढ्यात ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, आमच्या आत्यांचं नवं मशीन कवा यायचं वो? जीपंतल्या बायका सांगत्यात, दुरुस्तीला पुन्याला गेलंय म्हनून आत्यांना थांबवलंय. आमी म्हनलं, येवढ्या मोठ्या कामाला निवडलंय तर थोडं थांबाय लागंलच की."

मी आत्यांकडे बघितलं. त्या अळूचं देठ सोलत होत्या, हात थांबला होता. दाराशी सावली पडली म्हणून वर बघितलं, तर रांगेतली तीच बाई, आत्यांच्या मागं बसणारी. मी आल्याचं कळून धावत आली असावी, धाप लागली होती. ती चौकटीला धरून उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेडमध्ये नव्या मुलीच्या लाल दिव्याकडे मान वर न करणारी ही बाई, हिनं आणि जीपमधल्या सगळ्यांनी मिळून इतके आठवडे आत्यांचा घरातला मान सांभाळला होता. एवढ्याशा वाडीत एकीच्याही तोंडून फुटलं नव्हतं.

मी पिशवीतून हात रिकामाच बाहेर काढला.

"येईल," मी म्हटलं. "दिवाळीनंतर येईल. मालक परवाच म्हणत होते."

"मंग झालं तर," भावजय म्हणाली आणि चुलीकडे गेली. दारातल्या बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती निघून गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी या बायकांच्या सावडीत उभी राहिले होते, आणि मला वाटायचं तसं हलकं अजिबात वाटलं नाही. भावजय वाढत होती आणि आत्यांच्या नव्या मशीनबद्दल विचारत होती, त्याला काच किती मोठी, पंखा आहे का. मी सांगत गेले, आहे, मोठी आहे, पंखाही आहे.

परतताना आत्या मला रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या. एका हातानं कुंपणाच्या काटक्या चाचपत, दुसरा हात माझ्या दंडावर. मला वाटलं, रागावल्या असतील, नाहीतर रडतील. पण रस्त्याला लागल्यावर त्यांनी माझा दंड जरा घट्ट धरला आणि शांतपणे विचारलं, "भाभी, दिवाळी झाल्यावर काय सांगायचं?"

वेल्ह्याकडून येणारी जीप त्यांच्या आधी मला दिसली. मी हात केला.